गाळ काढाच, पण काठ सोडा

भाऊ, ‘पाणथळ जागा परत उभ्या करा’ या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: “आमचं तळं गाळानं भरलंय आणि तुम्ही पाखरांसाठी चिखल राखा म्हणता. त्या चिखलातून मिथेन निघतो, ते सांगत नाही. आणि या सगळ्याला पैसे कोण देणार?”

आधी मिथेनचं. तिथं माझी चूक झाली. साचलेल्या गोड्या पाण्याच्या तळाशी मिथेन तयार होतोच, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 28 पट तापवतो. हवेत तो बारा-एक वर्षंच टिकतो, पण म्हणून सुरुवातीची वर्षं विसरून चालत नाही. मी ‘जगातल्या पाणथळ जागा कार्बनची कोठारं आहेत’ असं लिहून मोकळा झालो. ती खरी कोठारं म्हणजे मुख्यतः थंड, कायम ओल्या प्रदेशातली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पानाकाडीच्या थरांची, दलदल. जगाची जेमतेम 3 टक्के जमीन, पण मातीतल्या कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथं. आपलं पारोळा-अमळनेरकडचं तळं एप्रिलमध्ये आटतं, चिखलाला भेगा पडतात, त्या भेगांतून हवा आत जाते आणि पानाकाडीचा साठलेला कार्बन पुन्हा वर जातो. जिथं ओल मेपर्यंत टिकते तेवढ्याच पट्ट्यात तो बऱ्यापैकी अडकून राहतो. तेव्हा खानदेशात कार्बनच्या नावावर मी मत मागणार नाही.

पण गाळ काढू नका असं मी म्हटलंच नव्हतं. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेतून गाळ शेतात गेला, त्यात हरकत काय? माझं भांडण खोदण्याच्या तऱ्हेशी आहे. आमच्या गावचं तळं तीन वर्षांपूर्वी खोदलं. पोकलेननं चारही बाजू विहिरीसारख्या उभ्या कापल्या. पाणी भरपूर आलं. त्या हिवाळ्यात मी जाऊन बघतो तर मधोमध टिबुकल्या बुड्या मारताहेत, दोन पाणकावळे आहेत, आणि बस. शेकाट्या एकही नाही. त्याचे पाय केवढेही लांब असले तरी तो पोहत चारा खात नाही, त्याला वीतभर पाणी लागतं. शेजारची आजी म्हणाली, “पानी शे, पन पाखरु नही.” पुढच्या महिन्यात एका म्हशीचा पाय त्या कड्यावरून घसरला, दोर लावून काढली. तेव्हा कुठं गावाला काठ आठवला.

निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. बंधाऱ्यामागं साचलेल्या गाळानंच तिथं उथळ दलदल तयार झाली. आपल्याकडं तापी-पूर्णेच्या संगमावरच्या हतनूरलाही तेच: धरणाला जो गाळ डोकेदुखी, त्याच्यावरच चक्रवाक उतरतात. (हे धरणावरच्या माणसाला सांगितलं तर तो हसणार नाही, हे मला माहीत आहे.)

तुमच्या कामाचं म्हणाल तर नाल्याच्या तोंडाशी लव्हाळा आणि पाणकणीस राहू द्या. पाण्याचा वेग तिथं मोडतो, माती तिथंच बसते, मधला खड्डा हळू भरतो. ते उपटून तोंड साफ केलं की पुढच्या पावसात शिवारातली माती सरळ मध्ये. म्हणजे पाखरांचा पट्टा हा तुमच्या खोदाईचाच राखणदार. बेशरमची झुडपं मात्र मुळासकट काढा, त्यांची वकिली मी करणार नाही.

पैशाचं काय विचारता? न खोदायला डिझेल लागत नाही. अडचण एवढीच की ठेकेदाराला ब्रासवर, म्हणजे काढलेल्या गाळाच्या मापावर, पैसे मिळतात आणि सोडलेला काठ बिलात मोजला जात नाही. म्हणून खोदाईच्या आधीच ठरावात लिहून घ्या: मधे हवं तेवढं खोल, नाल्याकडची बाजू दहा फूट आत गेल्यावर फूटभर खोल, अशी उतरती. यंदा दुसरं तळं खोदताना आम्ही तेच केलं. मी स्वतः चुन्याची फक्की मारली. पोकलेनवाला खाली उतरून बघून म्हणाला, “साहेब, हा तर निम्मा गाळ सोडला.” निम्मा नव्हता, पाव होता, पण वाद घालायला तो थांबला नाही, आणि ती रेघही त्यानं ओलांडली नाही.