पंधरा जहाजं विरुद्ध जगातल्या सगळ्या गाड्या: फॉरवर्डमधलं खरं किती?

कंटेनरांनी लादलेलं अजस्र जहाज, धुराड्यातून निघणारा काळाकुट्ट लोट आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर: 'जगातली फक्त १५ जहाजं जगातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त प्रदूषण करतात. मग कायद्याचा बडगा सामान्य माणसाच्या गाडीवरच का?' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. त्यावर दोन उत्तरं हमखास येतात. एक म्हणजे 'समुद्रातला धूर आपल्याला काय बाधणार?' आणि दुसरं, '२०२० पासून नियम बदललेत, आता सगळं स्वच्छ आहे'. तिन्ही विधानांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती इतकी पसरतात.

'१५ जहाजं म्हणजे सगळ्या गाड्या'

हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. २००९ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी तो छापला, कधी १५ तर कधी १६ जहाजांचा म्हणून. हिशेब साधा होता. सर्वांत मोठं कंटेनर जहाज वर्षाला सुमारे ५,००० टन गंधकाची ऑक्साइडं सोडतं आणि एक मोटारगाडी सोडते साधारण १०१ ग्रॅम. भागाकार केला की एका जहाजाच्या वाट्याला ५ कोटी गाड्या येतात. १६ जहाजांच्या झाल्या ८० कोटी, आणि तेव्हा जगात गाड्या साधारण तितक्याच होत्या.

पण हा सगळा हिशेब फक्त गंधकाचा आहे. फॉरवर्ड होता होता गंधक गळलं आणि 'प्रदूषण' उरलं.

गंधकातच एवढी तफावत का, हे इंधन पाहिलं की कळतं. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून झालं की तळाशी जो दाट, डांबरासारखा गाळ उरतो, तो जहाजाच्या इंजिनात जाळतात. थंड असताना तो धड वाहतही नाही. टाकीत त्याला सतत ऊब द्यावी लागते, मग प्युरिफायरमध्ये गरगर फिरवून त्यातलं पाणी आणि कचरा वेगळा काढतात आणि इंजिनात सोडण्याआधी १०० अंशांच्या वर तापवतात. कच्च्या तेलातलं गंधक याच गाळात साठतं. २००९ मध्ये जहाजी इंधनात ४.५ टक्के गंधकाची मुभा होती, म्हणजे किलोमागे ४५ ग्रॅम. युरोपातल्या पेट्रोल-डिझेलला मर्यादा होती किलोमागे १० मिलिग्रॅमची. तुलनेसाठी गंधक निवडलं की जहाज हरणारच.

आता तोच सामना कार्बन डायऑक्साइडवर लावून पाहू. २००६ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'एम्मा मर्स्क' या कंटेनर जहाजाचं मुख्य इंजिन सुमारे ८० मेगावॉटचं. पूर्ण जोरात चाललं तर ते दिवसाला सव्वातीनशे टनांच्या आसपास इंधन पितं. एका टनामागे तीन टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दिवसाला अंदाजे हजार टन. अशी १५ जहाजं वर्षभर एकदाही न थांबता पूर्ण वेगाने पळवली (जे कुणीच करत नाही, कारण वेग थोडा उतरवला तरी इंधन बरंच वाचतं), तरी बेरीज होते ५५ लाख टन. जगातल्या मोटारगाड्या वर्षाला ३०० कोटी टनांच्या घरात सोडतात. पाचशे पटींचा फरक, आणि तोही उलट्या दिशेने.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या हरितगृह वायूंवरच्या चौथ्या अहवालानुसार २०१८ मध्ये साऱ्या जहाजवाहतुकीचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन १०७.६ कोटी टन होतं, मानवनिर्मित उत्सर्जनाच्या २.८९ टक्के. जगाच्या व्यापारातला सुमारे ८० टक्के माल वजनाच्या हिशेबात समुद्रावरून जातो. एक टन माल एक किलोमीटर न्यायला जहाजाइतकं कमी इंधन ट्रकला लागत नाही आणि विमानाला तर नाहीच.

'मग गाड्यांवरच कायदा का?'

कारण गाडीच्या इंधनातलं गंधक कायद्यानेच काढायला लावलं. ते १०१ ग्रॅम आपोआप आलेले नाहीत. कायदे फोल आहेत हे सांगायला निघालेला फॉरवर्ड, कायदा केल्यावर काय होतं याचाच पुरावा हातात घेऊन फिरतोय! शिवाय गाडीचा नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी भर रस्त्यात, माणसाच्या नाकाच्या उंचीवर सुटते. यावर आणखी बोलण्यासारखं फारसं नाही.

'समुद्रातला धूर कोणाला बाधतो?'

मला या उत्तराची जास्त चीड येते, कारण जहाजांचा खरा अपराध इथे झाकला जातो. नकाशावर समुद्र अफाट दिसतो, पण जहाजं त्यावर सारखी पसरलेली नसतात. ती ठरलेल्या वाटांनी, किनारे धरून, सामुद्रधुन्यांतून जातात. त्यांचं सुमारे ७० टक्के उत्सर्जन जमिनीपासून ४०० किलोमीटरच्या आत होतं. धुराड्यातून निघालेला सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेतच सल्फेट आणि नायट्रेटच्या अतिसूक्ष्म कणांत बदलतात आणि हे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात.

जहाज धक्क्याला लागलं की धूर थांबतो, असंही नाही. मुख्य इंजिन बंद होतं, पण जनरेटर आणि बॉयलर चालूच असतात. दिवे, पंखे, क्रेन, बॅलास्टचे (जहाजाचा तोल राखायला भरलेल्या पाण्याचे) पंप आणि शीत कंटेनरांच्या रांगा, सगळ्यांना वीज लागते. प्रवासी क्रूझ जहाज म्हणजे तर अख्खं हॉटेलच. हे सगळं बंदरालगतच्या वस्तीच्या उशाशी चालतं.

अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात, त्यांतले काही रक्तातही उतरतात. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि मुलांचा दमा यांच्याशी त्यांचा संबंध पक्का झालेला आहे. २००७ च्या एका बहुचर्चित अभ्यासाने जहाजांच्या कणांमुळे वर्षाला सुमारे ६०,००० अकाली मृत्यूंचा अंदाज दिला, बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांलगत. २०१८ च्या अभ्यासात जहाजी इंधनातलं गंधक कमी करणारा २०२० चा नियम आला नाही तर वर्षाला ४ लाख आणि आला तर अडीच लाख मृत्यू, असा अंदाज निघाला. हे मृत्यू कुणी एकेक मोजलेले नाहीत, मॉडेलवर काढलेले अंदाज आहेत. गृहीतकं बदलली की आकडा बदलतो. पण कुठल्याही अंदाजात तो शून्याच्या जवळपास येत नाही.

'२०२० पासून सगळं स्वच्छ'

१ जानेवारी २०२० ला जहाजी इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली. सुधारणा मोठी आहे, तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण ०.५ टक्के म्हणजे किलोमागे ५ ग्रॅम, गाडीच्या इंधनाच्या ५०० पट. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांलगत २०१५ पासून ०.१ टक्क्याची अट आहे, भूमध्य समुद्रात मे २०२५ पासून. उरलेल्या बहुतेक समुद्रांवर ०.५ चालतं.

त्या २०१८ च्या अभ्यासातले अडीच लाख मृत्यू आणि मुलांच्या दम्याच्या ६४ लाख केसेस नियम पाळल्यानंतरच्या आहेत, हेही विसरू नये. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना हा नियम शिवतही नाही. त्यांचं सर्वांत कडक मानक फक्त नव्या जहाजांना आणि तेही ठरावीक क्षेत्रांतच लागू आहे. जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं, तेव्हा जुनी इंजिनं इतक्यात जात नाहीत.

शिवाय पळवाट आहेच: स्क्रबर. धुराड्यात हे यंत्र बसवलं की जुनंच गंधकी इंधन जाळता येतं, धूर पाण्याच्या फवाऱ्याने धुतला म्हणजे झालं. 'ओपन लूप' प्रकारात समुद्राचंच पाणी घेऊन धूर धुतात आणि ते आम्लयुक्त पाणी, त्यातल्या व्हॅनेडियम-निकेलसारख्या धातूंसकट, पुन्हा समुद्रात सोडतात. हवेतली घाण पाण्यात, एवढाच काय तो बदल! सिंगापूरने २०२० पासून आपल्या बंदराच्या पाण्यात याला मनाई केली, डेन्मार्कने जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत.

धक्क्यावरच्या धुरावर उपाय आहे, जहाजाला किनाऱ्यावरून वीज देण्याचा. कॅलिफोर्नियाने २०१४ पासून ठरावीक जहाजांना ती सक्तीची केली आणि युरोपीय संघाच्या मुख्य बंदरांत २०३० पासून कंटेनर आणि प्रवासी जहाजांना ती घ्यावी लागेल. तेलवाहू जहाजांचं काम मात्र एवढ्याने भागत नाही. त्यांतल्या अनेकांचे माल उपसण्याचे पंप वाफेवर चालतात, आणि वाफेसाठी बॉयलर पेटता ठेवावाच लागतो.