छोटी गाडी मोठ्या थाटात कशी बुडवावी

छोटी, स्वस्त, टिकाऊ गाडी काढायचं तुमच्या मनात आहे ना? मग सगळ्यात आधी तिची घोषणा करा. गाडी नंतर बनवता येते. १९६८ च्या ऑक्टोबरात जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांनी न्यूयॉर्कमध्ये हेच केलं. फोक्सवॅगनची बीटल अमेरिकेत धडाधड खपत होती, जपानी गाड्याही पाय रोवत होत्या. तेव्हा दोन वर्षांत आमचीही छोटी गाडी येतेय, असं साहेबांनी सांगून टाकलं. तारीख ठरली, कारखाना ठरला, बारसं उरकलं. पाळण्यात घालायला काही नव्हतं, पण ती किरकोळ बाब. पुढे तिचं नाव पडलं शेव्हरले व्हेगा.

दुसरा सल्ला असा, की ज्यांना ही गाडी बनवून विकायची आहे त्यांना तिच्या रचनेपासून शक्य तेवढं लांब ठेवा. व्हेगाचा आराखडा जनरल मोटर्सच्या शेव्हरले विभागाने केलाच नाही. तो वरून, मुख्यालयातून, कंपनीचे वरिष्ठ अधिकारी एड कोल यांच्या आग्रहाने आला. शेव्हरलेची सूत्रं तेव्हा जॉन डिलोरियन यांच्या हाती होती. पहिली नमुना गाडी चाचणीच्या ट्रॅकवर आठ मैल धावली आणि तिचं तोंड धडापासून सुटलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं. यावरचा उपाय सोपा आहे : आणखी थोडं लोखंड लावा. गाडी जड होईल, महाग होईल. होऊ दे. 'हलकी आणि स्वस्त' हे शब्द जाहीर करून झालेत, ते कुणी परत मागत नाही.

आता इंजिन. इथे मात्र कल्पकता दाखवाच. सिलिंडरचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ठोकळा, अॅल्युमिनियमचा करायचा आणि आत बिडाच्या स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवायच्या, हा जुनाट, बुरसटलेला मार्ग झाला. व्हेगाच्या ब्लॉकमध्ये सुमारे १७ टक्के सिलिकॉन मिसळलेलं अॅल्युमिनियम वापरलं आणि स्लीव्हलाच फाटा दिला. सिलिंडरच्या भिंतीवर सिलिकॉनचे कण उघडे पाडायचे आणि पिस्टन त्यांच्यावर घसरवायचा. अभियांत्रिकी म्हणून झकास, खरंच झकास. पण त्या हलक्याफुलक्या ब्लॉकच्या डोक्यावर हेड, म्हणजे झाकण, बसवलं ते बिडाचं! दोन धातू, तापल्यावर दोघांचं फुगणं वेगळं, मध्ये फट बुजवणारं बिचारं गॅस्केट. त्यात इंजिन थंड ठेवणारं पाणी जेमतेम. पातळी जरा उतरली की इंजिन तापायचं, ब्लॉक वाकायचा, सिलिंडरची भिंत ओरबाडली जायची आणि गाडी ऑइल खायला लागायची. मग मेकॅनिक काय करायचा? ब्लॉक बोअर करून आत बिडाच्या स्लीव्ह ठोकायचा. म्हणजे वाचवलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या खर्चाने परत येते. हिशेबाच्या वहीत याच्याइतकी सुंदर नोंद दुसरी नाही.

पत्र्याकडेही लक्ष असू द्या, म्हणजे देऊ नका. व्हेगाचा सांगाडा गंजरोधक रंगाच्या टाकीत पूर्ण बुडवत. पण बुडवताना पुढच्या मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकायची, आणि नेमक्या तेवढ्या जागी रंग पोचायचा नाही. चाकाने उडवलेला चिखल आणि बर्फाळ रस्त्यावरचं मीठ आतून तिथेच जाऊन बसायचं. मध्ये एक आडोसा बसवला असता तर भागलं असतं, पण हिशेबनिसांनी गाडीमागे दोन-अडीच डॉलर वाचवायचे म्हणून तो काढून टाकला. पुढे कंपनीला हजारो गाड्यांची मडगार्डं फुकट बदलून द्यावी लागली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. फक्त मसाला पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात पडतो, आणि तोवर बचत करणाऱ्याची बढती झालेली असते.

बुद्धी अगदीच खर्च करायची नाही असं नाही. ती वाहतुकीवर करा. व्हेगा रेल्वेने पाठवण्यासाठी एक खास वॅगन तयार केली, तीत गाड्या चक्क नाकावर उभ्या करून टांगत. जिथे एरवी १८ मावायच्या तिथे ३० गाड्या. वॅगनच्या भिंतीचा दरवाजा आडवा पाडायचा, गाडी त्यावर चढवून बांधायची, आणि फोर्कलिफ्टने दरवाजा उचलून बंद करायचा. गाडी उलटी टांगली तरी ऑइल सिलिंडरमध्ये उतरू नये म्हणून इंजिनात आडपडदा, बॅटरीतलं अॅसिड सांडू नये म्हणून तिच्या तोंडाची जागा बदललेली, काच धुवायच्या पाण्याची बाटलीसुद्धा ४५ अंशांत कललेली. गोदामापर्यंत गाडी सुखरूप पोचावी म्हणून केवढी ही माया! रस्त्यावर आल्यानंतरचं मग गिऱ्हाईक आणि त्याचं नशीब.

कारखाना ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनसारखा असावा. वेल्डिंगला यंत्रमानव, आणि गाड्या जोडायच्या सरकत्या पट्ट्याचा वेग ताशी १०० गाड्यांपर्यंत. म्हणजे एका गाडीमागे एका माणसाला ३६ सेकंद. इतरत्र साधारण मिनिट मिळायचं. ३६ सेकंदांत नाकावरची माशी हाकलली तरी पुढची गाडी समोर उभी. १९७१ मध्ये व्यवस्थापन बदललं, माणसं कमी केली, काम तेवढंच ठेवलं. विशी-पंचविशीतली लांब केसांची पोरं ती. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांनी तीन आठवडे संप केला. अशा वेळी तुम्ही गोंधळायचं नाही. पोरं सीट फाडतात, गाड्या मुद्दाम बिघडवतात असं सांगायचं, आणि हल्लीच्या पिढीला कामच नको यावर वर्तमानपत्रांना चर्चा करू द्यायची. स्लीव्ह काढायचा आणि आडोसा वगळायचा निर्णय पट्ट्यावरच्या कुठल्या पोराने घेतला होता, हे विचारायला कुणी येत नाही.

१९७२ मध्येच तीन मोठे रिकॉल झाले. एकात आग लागायची भीती, दुसऱ्यात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारी झडप, अडकायची, आणि तिसऱ्यात मागचा अॅक्सल किंचित आखूड असल्याने चाकच निसटायची. या तिसऱ्यात पाच लाखांवर गाड्या परत बोलावल्या. तरी नाउमेद होऊ नका. मोटर ट्रेंड मासिकाने १९७१ ची सर्वोत्तम गाडी म्हणून हिचाच सन्मान केला होता, आणि १९७४ मध्ये, पेट्रोलच्या टंचाईत, व्हेगा साडेचार लाखांच्या आसपास बनली. सात मॉडेल-वर्षांत मिळून सुमारे वीस लाख. लोक घेतात हो.

बदनामी फारच झाली तर किंमत वाढवा. इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीच्या मदतीने १६ व्हाल्व्हचं देखणं इंजिन घालून १९७५ मध्ये खास व्हेगा काढली. जाहिरातीत छातीठोकपणे छापलं, दोन व्हेगांच्या किमतीत एक व्हेगा. मी तरी यापेक्षा प्रामाणिक जाहिरात वाचलेली नाही. ३,५०८ बनल्या आणि दुकान बंद.

इंजिन सुधारल्याची द्वाही फिरवायची ती शेवटी, म्हणजे १९७६ मध्ये : पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांची हमी. इंजिन खरोखरच सुधारलं होतं. पुढच्याच वर्षी गाडी बंद केली. पण साचे फेकू नका, त्यात पैसा अडकलेला असतो. व्हेगाच्या स्टेशन वॅगनची, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेल्या प्रकाराचीच, बॉडी १९७८ मध्ये पुन्हा शोरूममध्ये आली. मागे नाव मोंझा, आत इंजिन पॉन्टिअॅकचं, नखशिखान्त बिडाचं.