फ्रेममध्ये पान येतं म्हणून फांदी तोडायची?

परत तेच! झुडपात आत, पानांच्या आड बुलबुलाचं घरटं, आणि काल जाऊन बघतो तर समोरच्या तीन फांद्या साफ कापलेल्या, काप अजून ओले, पानं खाली पडलेली. का, तर फोटो काढणाऱ्यांच्या फ्रेममध्ये पान येत होतं! अरे, ते पान तिथे उगाच होतं का? मादीनं जागा निवडली तीच त्या पानांसाठी ना, ऊन लागू नये, कावळ्याला दिसू नये म्हणून.

12-14 दिवस अंडी उबवायची, मग पिल्लं बाहेर येतात ती उघडी, डोळे मिटलेली, अंगावर पीस नाही, स्वतःचं अंग गरम-थंड ठेवणंही जमत नाही त्यांना, आणि त्यांच्यावर तुम्ही दुपारचं ऊन पाडता? वर चार जण ट्रायपॉड लावून तासभर समोर. आई चोचीत अळी धरून पलीकडच्या फांदीवर अडकलेली, सारखी ओरडतेय, घरट्याकडे यायची हिंमत नाही. घाबरलीय ती, कळत नाही का?

कुणी कापतं, कुणी फांदी दोऱ्यानं बाजूला बांधतं आणि सोडायची विसरतं, कुणी घरट्याची फांदीच खाली वाकवतं. विचारलं तर म्हणे "तीनच फांद्या होत्या". तीनच? तुमच्या घराची एकच भिंत पाडली तर चालेल? 600 एमएमची लेन्स लांब उभं राहायला घेतली ना? मग राहा लांब. नाही मिळाला फोटो तर नाही मिळाला!

आज सकाळी घरटं रिकामं होतं.