‘पुर्ननिर्माण’ लिहिणाऱ्यांनो, आता पुरे!

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर परवा नोटीस लागली: ‘इमारतीचे पुर्ननिर्माण काम सोमवारपासून सुरू होईल.’ काम काय, तर बाहेरून प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग! तळमजल्यावरच्या ७८ वर्षांच्या काकूंनी ते वाचलं आणि मुलाला रडत फोन केला, ‘अरे, घर पाडतायत, मी कुठे जाऊ?’ रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा नाही. एका शब्दापायी!

अहो, प्लास्टरला दुरुस्ती म्हणतात. पडलेलं, पाडलेलं पुन्हा उभं करणं म्हणजे पुनर्निर्माण. घरांच्या बाबतीत आपण पुनर्बांधणी म्हणतो, आणि जुनी इमारत पाडून बिल्डरकडून नवी बांधून घेतली की तो पुनर्विकास. म्हाडाच्या एका मंडळाच्या नावातसुद्धा ‘दुरुस्ती’ आणि ‘पुनर्रचना’ असे दोन वेगळे शब्द आहेत. उगाच आहेत का? कुठल्याही शब्दाने कुठलंही काम भागत असतं तर दोन कशाला ठेवले असते?

आणि तो रफार! मूळ शब्द ‘पुनर्’. पुढे स्वर आला की र त्यात मिसळतो: पुनरागमन, पुनरुज्जीवन. ज, व, न यांसारखं व्यंजन आलं की रफार त्या व्यंजनाच्या डोक्यावर: पुनर्जन्म, पुनर्विवाह, पुनर्निर्माण. म्हणजे इथे तो ‘नि’वर. गणपती उठवताना ‘पुनरागमनाय च’ दरवर्षी ऐकता ना? मग ‘पुर्न’ आलं कुठून? तोंडाने नीट ‘पु-नर्’ म्हणता, मग हातानेच र आधी का पळतो? मोबाइलवर न, मग र, मग पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर. जसं बोलता तसंच टाइप करायचं, एवढंच. तरी दुकानाच्या पाटीवर ‘पुर्न’, लग्नपत्रिकेत ‘पुर्न’, बातमीच्या मथळ्यात ‘पुर्न’. डोकं उठतं!

सेक्रेटरींना सांगायला गेलो तर म्हणाले, ‘समजलं ना? मग झालं तर.’ नाही समजलं, साहेब! काकूंना नाही समजलं. त्यांनी रात्रीतून कपाटातले घराचे कागद काढून पिशवीत भरून ठेवले होते. तो कागद आधी फळ्यावरून काढा, ‘दुरुस्ती’ लिहा, आणि काकूंच्या दारात जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगा की घर पाडत नाही आहोत.