एक दोरी कापून पाहा

नागपूरच्या नातेवाईकांशी बोलताना शाळांचा विषय निघाला की गेली काही वर्षे एकच वाद कानावर येतो. एका बाजूचे म्हणणे असे की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग सुचवले असले, तरी संगणक कक्ष आणि वेगवान जोडणी आल्याशिवाय मुलांना इंटरनेटविषयी काही शिकवता येणार नाही. दुसरी बाजू म्हणते की मुले आधीच मोबाईलला चिकटलेली आहेत, त्यात शाळेने आणखी भर घालू नये. इंग्लंडमध्ये, शेफील्डला राहून हे ऐकताना जाणवते की दोन्ही बाजूंनी इंटरनेट म्हणजे पडदा असे धरून चालले आहे. प्रत्यक्षात इंटरनेट कसे चालते हे शिकवण्याची सुरुवात कागद, कात्री आणि बाकांच्या रांगा एवढ्यावर होऊ शकते.

येथील राष्ट्रीय अभ्यासक्रमात सप्टेंबर २०१४ पासून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना संगणकांची जाळी आणि इंटरनेट समजले पाहिजे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यासाठी केल्या जाणाऱ्या उपक्रमांपैकी मला सर्वांत आवडलेला उपक्रम असा: एका चित्राचे चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यामागे पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक लिहायचा, आणि तुकडे वर्गाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हातोहात पाठवायचे. मधल्या मुलाला पूर्ण मार्ग ठाऊक नसतो. पत्ता वाचून तुकडा कोणत्या शेजाऱ्याकडे द्यायचा, एवढेच त्याने ठरवायचे असते. शिक्षक मधूनच दोन-तीन तुकडे गुपचूप खिशात घालतात. मग पलीकडच्या मुलाला अनुक्रमांक तपासून कोणता तुकडा आला नाही हे ओळखावे लागते आणि तो पुन्हा मागवावा लागतो. इंटरनेटचे मूळ नियम आखणारे संगणकशास्त्रज्ञ व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा हाच आहे: मधले जाळे तुकडे हरवू शकते हे मान्य करायचे आणि चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी दोन्ही टोकांवर सोपवायची.

तरीही इंग्लंडच्या शाळांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. रॉयल सोसायटी या येथील विज्ञानसंस्थेनेच २०१७ च्या अहवालात देशातले संगणक शिक्षण विस्कळीत आणि ठिसूळ असल्याचे म्हटले होते. जेथे शिक्षकाला विषय कळतो तेथे खेळ रंगतो. एरवी भिंतीवर रंगीत तक्ता लागतो आणि प्रकरण तेथेच मिटते.

आपल्याकडे हा तक्ता अधिक सुबक असतो, एवढाच फरक. नागपूरच्या शालेय प्रदर्शनांत वर्षानुवर्षे थर्माकोलच्या प्रतिकृती मांडल्या गेल्या. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी घातल्यावर पुठ्ठा आला, पण वृत्ती तीच राहिली. आदल्या रात्री आई-वडील जागून प्रकल्प पूर्ण करतात, कडेला सोनेरी पट्टी लावतात, आणि पाहुणे आले की सर्व काही बिनचूक चालले पाहिजे याची मुलांना धास्ती असते. इंटरनेटच्या बाबतीत हा बिनचूकपणाच घातक आहे, कारण ज्या प्रतिकृतीत काही हरवत नाही, उशिरा येत नाही किंवा तुटत नाही, ती इंटरनेटची प्रतिकृती होऊच शकत नाही. नॉर्वेतल्या बर्गन येथे २००१ मध्ये काही हौशी मंडळींनी इंटरनेटचे नियम पाळून कबुतरांच्या पायाला कागद बांधून संदेश पाठवले होते. नऊ पाठवले, चारच उत्तरे आली, आणि त्यांनाही साधारण एक ते पावणेदोन तास लागले. एखाद्या आंतरशालेय स्पर्धेत हा प्रयोग बहुधा शेवटचा आला असता, पण नियमांना वाहनाशी देणेघेणे नसते हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

साहित्याच्या दृष्टीने नागपूर तर श्रीमंत आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग येथे एकमेकांना छेदतात; इटारसीकडचा मार्ग बंद पडला तर दिल्लीची गाडी कोठून वळवता येईल, हे नकाशा घेऊन सहावीच्या मुलांनी शोधावे, म्हणजे पर्यायी मार्ग निवडणे त्यांना आपोआप कळेल. ऑप्टिकल फायबरसाठी उकरलेले रस्ते तर कोणत्याही वस्तीत दिसतात. आठवी-नववीच्या मुलांनी ‘ट्रेसरूट’ ही आज्ञा एकाच संगणकावर चालवून संदेश कोणकोणत्या टप्प्यांनी गेला हे जगाच्या नकाशावर मांडावे. नागपूर ते लंडन सरळ अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान ७५ मिलिसेकंद हवेत. प्रत्यक्षात आकडा बराच मोठा येतो. तो का येतो, याचे उत्तर शोधताना मुले मुंबईचा किनारा, तांबडा समुद्र आणि इजिप्तपर्यंत पोचतील. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या इंटरनेट केबली तुटल्यावर भारतातले इंटरनेट मंदावले होते, हेही त्यांना तेव्हाच समजेल.

यासाठी निधीपेक्षा गुणदानाची पद्धत बदलण्याची गरज अधिक आहे. प्रदर्शनातल्या परीक्षकाने मुलांनी इंटरनेटची प्रतिकृती म्हणून विणलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यातली कोणतीही एक दोरी स्वतः कापावी, निरोप दुसऱ्या वाटेने पोचतो का ते पाहावे, आणि पोचला नाही तर का पोचला नाही हे मुलांना विचारावे. निम्मे गुण त्या उत्तराला द्यावेत. सजावटीला एकही देऊ नये.