लेकरू भेतंय

परवा जालना रोडवर एका म्हातारीनं मला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. माझं वय 54, डोक्याला टक्कल, खिशात ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी.

चूक भाच्याची. तो असतो सॅन फ्रान्सिस्कोत. सकाळीच त्याचा व्हिडिओ आला : हा शहाणा कॉफी पीत रस्त्यात उतरतो, समोरून गाडी येते, स्टेअरिंगमागं कुणीच नाही, आणि ती आपली आपण थांबते! "मामा, इथं मान वळवायचं पण काम नाही." ते डोक्यात घेऊन मी आकाशवाणीजवळ उभा. दहा मिनिटं. एक पाय खाली टाकायचा, हॉर्न वाजला की परत वर घ्यायचा.

तेवढ्यात ही आली. नऊवारी, काखेतल्या पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी, हातात तेलाचा रिकामा कॅन. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"काहून थांबला, बापू?"

"गाड्या थांबू द्या की, मावशी."

"त्या कशाला थांबतेत? त्यायला काय आपलं काम हाय?"

आणि माझं मनगट धरलं. कासरा धरतात तसं. दुसरा हात कॅनसकट वर करून ती निघाली. बुलेटवाला अंगावर आला. "डोळे घरी ठिवून आला का रं?" बुलेट थांबली. तिच्यामागं सिटी बस थांबली. दुभाजकावर तिनं आधी मला चढवलं, मग पदर खोचून स्वतः चढली. पुढं एक रिक्षावाला काही ऐकेना. हिनं रिक्षाच्या काचेवर कॅन आपटला. "थांब की जरा, लेकरू भेतंय!"

रिक्षावाला वाकून लेकरू शोधायला लागला. मग त्याला मी दिसलो.

अमेरिकेत 2017 साली फोर्ड आणि व्हर्जिनिया टेक यांनी गंमत केली होती. ड्रायव्हरला सीटचंच सोंग चढवलं, म्हणजे बाहेरून गाडी रिकामी दिसावी, आणि पायी माणसं बावचळतात का ते बघितलं. कारण आपण ड्रायव्हरच्या डोळ्यात बघून पाऊल टाकतो. तिथं डोळेच नसले तर बघायचं कुठं? आमच्याकडं सोंगाची गरज नाही. पायी माणूस दिसला रे दिसला की ड्रायव्हर खिडकीबाहेर थुंकायला तरी वळतो, नाहीतर मोबाइलात तरी शिरतो. नजर भिडली तर थांबावं लागेल ना!

अर्थात तिकडंही सगळं आलबेल नाही. 2018 च्या मार्चमध्ये अॅरिझोनात टेम्पी गावी रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक बाई चाचणीसाठी फिरणाऱ्या, आपली आपण चालणाऱ्या गाडीखाली गेली. चौकशीत निघालं की गाडीची यंत्रणा तिला कधी वाहन समजत होती, कधी सायकल. झेब्रा सोडून माणूस रस्त्यात येईल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. हे वाचल्यापासून भाच्याच्या कॉफीचं मला काही कौतुक राहिलं नाही. आणि आमचा झेब्रा? त्याचे पट्टे दोन पावसाळ्यांपूर्वीच धुऊन गेलेत. फुटपाथवर गाडे, म्हणून माणूस रस्त्यात. रस्त्यात उतरलं की शिव्या त्यालाच. चालणाऱ्यानं जन्म घेतला हीच चूक.

असो. पलीकडं पोचल्यावर तिनं मनगट सोडलं, "नीट जाय" म्हणाली आणि गर्दीत गेलीसुद्धा. मेडिकलचं शटर खाली होतं.

परत यायला मी रिक्षा केली. फक्त पलीकडं सोडायला, पुढून वळसा घालून, चाळीस रुपये. बसलो तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणतो, "काका, मावशी गेली वाटतं?"