चांदीच्या चमच्याला अळंबीचे विष कळत नाही

पावसाळा सुरू झाला की फिरू लागणारा ‘रानातली अळंबी ओळखण्याच्या खात्रीशीर युक्त्या’ हा मजकूर यंदा कुडाळच्या मावशीपर्यंत पोहोचला आणि माळावरच्या पांढऱ्या छत्र्या शिजवायला घेण्याआधी तिने, सुदैवाने, मला त्यांचा फोटो पाठवला. मजकूर म्हणतो की शिजवताना चांदीचा चमचा काळा पडला नाही, किड्यांनी छत्री खाल्लेली असली, ती वारुळाजवळ उगवली असली किंवा हळद-मीठ घालून उकळली, तर ती खुशाल खावी.

चांदी काळवंडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, आणि म्हणून अंड्यानेही काळवंडते. युरोपातल्या कुप्रसिद्ध अमॅनिटा फॅलॉइडिस या अळंबीतील अमॅटॉक्सिनांमुळे चमच्यावर डागही पडत नाही. खाल्ल्यावर सहा तास किंवा त्याहून अधिक काळ काही जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबून माणूस बरा झाल्यासारखा दिसतो आणि तोवर यकृताची हानी चालूच असते. अशा विषाची परीक्षा चमच्यावर सोपवणे हा निव्वळ अविचार आहे.

किड्यांचे तर सोडाच. हीच अळंबी गोगलगायी निर्धास्त खातात.

वारुळाच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. टर्मिटोमायसिस ही कोकण-गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी खरोखरच वाळवीच्या घरातून येते. परंतु ‘वारुळाजवळ’ उगवणे पुरेसे नाही, तिचा मुळासारखा लांब देठ जमिनीखाली थेट त्या घरापर्यंत गेलेला असावा लागतो. मावशीच्या फोटोतल्या छत्र्यांवर तपकिरी खवले होते आणि देठाला कडे होते. ही लक्षणे गवतात उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी जातीशी जुळतात. तिचे छत्रीखालचे पापुद्रे कोवळेपणी पांढरे असल्याने फसगत होते, पण पक्व छत्री पापुद्र्यांच्या बाजूने पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवली तर बीजाणूंचा हिरवट ठसा उमटतो. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर असतो, मात्र इतर काही विषारी अळंब्यांचाही तसाच असतो, त्यामुळे जाणकाराने देठासह ताजी अळंबी पाहिल्याशिवाय ती खाऊ नये.

राहिली उकळण्याची गोष्ट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे ‘बॅड बग बुक’ स्पष्ट सांगते की बहुतेक विषारी अळंब्या शिजवून, गोठवून किंवा अन्य कोणत्याही प्रक्रियेने निर्विष होत नाहीत. कोणी खाल्लीच असेल, तर लक्षणांची वाट न पाहता उरलेल्या तुकड्यांसह रुग्णालय गाठावे. ही एकमेव उपयोगी सूचना त्या लांबलचक मजकुरात कुठेही नाही.